नोंदवहीतील कोरी जागा

घराण्याचे गुपित हा रहस्यकादंबरीचा हमखास विषय. गुपित काय आहे हे कळेपर्यंत वाचक पाने उलटत राहतो. ते लपवावे का लागले, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूला पडतो. विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’ या कादंबरीत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कथानकातच आहे, आणि ते कायद्यात दडलेले आहे.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ती नोव्हेंबर १८५९ पासून क्रमशः आली आणि १८६० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कॉलिन्स कायदा शिकलेला होता, वकिली मात्र त्याने केली नाही. कादंबरीची मांडणी त्याने खटल्यासारखी केली: ज्याने जे पाहिले, तेवढेच त्याने सांगायचे.

सर पर्सिव्हल ग्लाइडला किताब आहे, जमीनजुमला आहे. पण त्याच्या आईवडिलांचे लग्नच झालेले नव्हते. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार अनौरस मुलाला यातले काहीच वारशाने मिळत नसे. म्हणून त्याने चर्चच्या विवाह-नोंदवहीत १८०३ सालच्या एका पानाच्या तळाशी त्यांच्या लग्नाची खोटी नोंद घुसवली. वॉल्टर हार्टराइट या चित्रकला-शिक्षकाला ती दाटीवाटीने बसवलेली दिसते. वहीची नक्कल जवळच्या गावात एका वकिलाकडे असते. तिथे तीच जागा कोरी निघते. कादंबरीतला सर्वांत थरारक क्षण हाच; त्यात ना रक्त आहे, ना भूत.

पण या कथेत अनौरस अपत्ये दोन आहेत. पांढऱ्या वस्त्रातली ॲन कॅथरिक ही पर्सिव्हलची पत्नी लॉरा हिच्या वडिलांची विवाहबाह्य संबंधातली मुलगी. म्हणून दोघींच्या चेहऱ्यात विलक्षण साम्य. पर्सिव्हलचे गुपित ॲनला ठाऊकच नसते. आईचे बोलणे ऐकून ‘मला माहीत आहे’ एवढेच ती म्हणते, आणि तेवढ्यासाठी तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. पुढे ती मरते, तेव्हा तिला लॉरा म्हणून पुरले जाते आणि खऱ्या लॉराला ॲन म्हणून इस्पितळात डांबले जाते. लॉराचे वीस हजार पौंड नवऱ्याच्या हाती पडावेत, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

म्हणजे जन्माचा दोष दोघांचा एकच. पुरुष खोट्या कागदाच्या बळावर सरदार होऊन बसतो. स्त्रीला थडग्यावर स्वतःचे नावही मिळत नाही. कॉलिन्सने हा हिशेब शेवटी चुकता केला आहे. पर्सिव्हल त्या नोंदवहीपायी चर्चमध्ये लागलेल्या आगीत मरतो. थडग्यावरचे लॉराचे नाव खोडून तिथे ॲनचे नाव कोरले जाते.

पुढे कॉलिन्सला स्वतःला मार्था रड या स्त्रीपासून विवाहाविना तीन मुले झाली. १८८९ मध्ये तो वारला, तेव्हा त्यांना कायद्याने आपोआप काही मिळणार नव्हते. मृत्युपत्रात मात्र त्याने ती आपली मुले म्हणून मान्य केली होती.