पाण्याच्या पॉलिशला कोणता कागद?

लाकडाला पॉलिश कशासाठी करतात? लाकूड चांगले दिसावे, आणि ओल, तेल, मळ आत शिरू नये म्हणून. आपले सुतार पूर्वीपासून चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करीत आले आहेत. आता बाजारात पाण्याचे पॉलिशही मिळते. डबा उघडला की ते दुधासारखे पांढरट दिसते. वाळल्यावर मात्र पारदर्शक होते. त्याला वास थोडा. ब्रश पाण्यानेच धुता येतो. स्पिरिटसारखा आगीचा धोकाही नाही. घरात बसून पाळणा, पाट किंवा कपाट रंगवणाऱ्याला हे फार सोयीचे.

पण एक तक्रार ऐकू येते. "पॉलिश लावलं, आणि जागोजाग ते फाटलं. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले." कोणी म्हणतो, "पापुद्रे निघाले." मग गिऱ्हाईक पैसे देत नाही. सगळे खरवडून पुन्हा करावे लागते. मजुरी गेली, डबाही गेला. सुतार डब्याला नावे ठेवतो. पण कधी कधी दोष डब्यात नसतोच. तो असतो घासायच्या कागदात.

ह्या कागदाला कोणी पॉलिश पेपर म्हणतात, कोणी काचकागद म्हणतात. पूर्वी त्यावर खरोखरच काचेची पूड असे. लंडनला जॉन ओकी याने १८३३ साली काचकागदाचा धंदा सुरू केला. आज काचेऐवजी कारखान्यात तयार केलेली कठीण खर असते. साध्या स्वस्त कागदावर ही खर सरसाने चिकटवलेली असते. सरस ओला झाला की सुटतो, हे सुताराला सांगायला नको. म्हणून असा कागद ओल्या लाकडावर घासू नये. काळा कागद बहुधा पाण्यात टिकणारा असतो. असा कागद अमेरिकेत १९२१ साली निघाला.

कागदाच्या पाठीवर नंबर असतो. नंबर लहान, तर खर जाड. नंबर मोठा, तर खर बारीक. चाळणीचे आठवा. एका इंचात भोके जितकी जास्त, तितके पीठ बारीक पडते. नंबरही तसाच आहे.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आता कमी ठाऊक असलेली गोष्ट बघू.

काही कागदांवर खरेच्या वर एक पांढरट थर दिलेला असतो. तो कशाला? वाळलेले पॉलिश घासताना त्याचा भुगा खरेमध्ये चिकटून बसतो आणि कागद गुळगुळीत होतो. मग तो फेकावाच लागतो. तसे होऊ नये म्हणून कारखानदार हा थर देतात. त्याला स्टिअरेट म्हणतात. चरबीतून निघणाऱ्या आम्लाशी जस्त किंवा कॅल्शियम जोडून ते बनवतात. साबणाच्याच जातीचे, पण पाण्यात न विरघळणारे. त्यामुळे भुगा झडून जातो आणि कागद जास्त दिवस टिकतो. थर वाईट नाही, बरं का. तो ज्या कामासाठी आहे ते काम चोख करतो.

अडचण पुढे येते. घासताना ही पांढरी भुकटी लाकडावरही पडते आणि त्याच्या भोकांत जाऊन बसते. ती चरबीच्या जातीची. अळवाच्या पानावर पाणी ओतून बघा. ते पसरत नाही, त्याचे थेंब होऊन घरंगळतात. भुकटी राहिलेल्या जागी पाण्याच्या पॉलिशचे तसेच होते. ते तिथून मागे सरते आणि गोल खड्डा पडतो. खड्डा पडला नाही तरी तिथे पकड कच्ची राहते, आणि पुढे पापुद्रा सुटतो. स्पिरिटच्या किंवा टर्पेंटाइनच्या पॉलिशला ह्या भुकटीचा तितका त्रास होत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे एकच कागद वापरणाऱ्या जुन्या कारागिराला हे कोडे पडते. "कागद तोच, हात तोच, मग आताच असं का?" बदलले आहे ते पॉलिश.

मग दुकानात काय करावे? कागद उजेडात धरून बघा. खरेवर पिठाची पूड उडाल्यासारखा पांढरट थर दिसला, तर तो स्टिअरेटचा समजा. काळ्या फडक्यावर घासून बघितले तरी पांढरे उमटते. "शेठ, पांढरा थर नसलेला कागद द्या," असे सरळ मागा. पांढऱ्या थराचे सगळेच कागद घातक असे मात्र नाही. काही कारखानदार पाकिटावरच छापतात की हा कागद पाण्याच्या पॉलिशला चालतो. तसा कागद घ्यायला हरकत नाही. पण माझे मत विचाराल तर कोऱ्या लाकडासाठी साधाच कागद घ्यावा. कोऱ्या लाकडाचा भुगा सहज झटकता येतो. तिथे थराची गरजच नसते.

नवा कागद आणला की आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर घासा, पुसा आणि पॉलिश लावा. खड्डे पडायचे असतील तर पॉलिश ओले असतानाच दिसतात. तुकडा वाया गेला तर चालेल. पाळणा वाया जायला नको.

आता घासायचे कसे ते पाहू. रंध्याच्या खुणा असतील तरच ८० नंबरने सुरुवात करा. मग १२०, मग १८०, शेवटी २२०. मधला नंबर गाळू नका. नाहीतर जाड खरेचे ओरखडे पॉलिशखालून दिसतात. कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून रेषांच्या दिशेनेच घासा.

पाणी लागले की लाकडाची लव उभी राहते. हात फिरवला तर दाढी वाढल्यासारखे खरखरते. पाण्याच्या पॉलिशने हेच होते. म्हणून ती लव आधीच उठवून घ्या. ओले फडके घट्ट पिळून लाकडावर फिरवा. लाकूड पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. मग २२० नंबरचा नवा कागद हलक्या हाताने फिरवा. लव निघाली की थांबा. जास्त घासले तर खालची नवी लव वर येते, आणि केलेले काम फुकट जाते.

भुगा आधी ब्रशने झाडा, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा. फडके जुन्या धुतलेल्या धोतराचे उत्तम. रॉकेलने पुसू नका. त्याचा तेलकटपणा मागे राहतो, आणि पुन्हा तीच खड्ड्यांची कथा. घासताना आणि झाडताना नाकातोंडावर धुळीचा मास्क लावा. लाकडाचा बारीक भुगा वर्षानुवर्षे नाकात गेला तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तसे जाहीर केले आहे.

पहिला हात वाळला की दुसऱ्या हाताआधी पुन्हा घासायचे. ह्या वेळी ३२० नंबर, आणि दाब अगदी थोडा. पॉलिश वाळले की नाही हे कागदच सांगतो. पिठासारखी कोरडी पूड निघाली तर वाळले. मळासारख्या वळ्या निघाल्या तर अजून थांबा. साधा कागद इथे लवकर भरतो, हे खरे. तो ब्रशने झाडत राहा, आणि भरला की बदला. कागदाचा तुकडा पॉलिशच्या डब्यापेक्षा स्वस्तच पडतो.

काही जण कागदाऐवजी लोखंडी तारेची लोकर वापरतात. पाण्याच्या पॉलिशला ती नको. तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात. पाणी मिळाले की ते गंजतात. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकले की काळी शाई होते, हे जुन्या लोकांना माहीत असेल. बाभूळ, खैर अशा तुरट लाकडात तसेच काळे डाग उमटतात. पॉलिशच्या खाली गेलेला डाग पुसून निघत नाही. लोकरीसारखे मऊ काही हवेच असेल, तर नायलॉनची घासणी घ्या. ती नवी कोरी असावी. भांड्यांची तेलकट घासणी नको.