सीडी प्लेयर अडखळतो तेव्हा

सीडी प्लेयरमधील चिप सहसा बिघडत नाहीत. बिघडते ते त्यांच्याभोवतीचे साधे यंत्र: भिंगावर धूळ बसते, रबरी पट्टा ढिला पडतो, वंगण सुकते. त्यामुळे जुना प्लेयर भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहणे केव्हाही योग्य.

सीडीवरील नोंद आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत असते. रेषेच्या दोन वळणांत जेमतेम 1.6 मायक्रॉन अंतर असते. खालून येणारा 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर ती वाचतो. आतल्या कडेला सीडी मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते, बाहेर जाता जाता 200 पर्यंत मंदावते.

पहिला संशय सीडीवरच घ्यावा. दुसरी सीडी नीट वाजली तर प्लेयर बहुधा निर्दोष. सीडी मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग नोंद खातो, आणि साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचीच तूट प्लेयर पूर्ण भरून काढू शकतो. छापील बाजू अधिक जपावी लागते, कारण तिथे पातळ लाखेखाली लगेच ॲल्युमिनियमचा थर असतो. तो खरवडला की उपाय नाही.

एकही सीडी वाचली जात नसेल तर भिंगाकडे वळावे. प्लग काढून थोडा वेळ थांबावे, कारण वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. झाकण उघडे ठेवून प्लेयर चालवत भिंगात डोकावू नये. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेला इअरबड भिंगावरून अलगद फिरवावा. भिंग नाजूक स्प्रिंगांवर तरंगत असते, दाब सोसत नाही. बहुधा प्लास्टिकचे असल्याने थिनरने कायमचे धुरकटते. कोकणातल्या पावसाळ्यात भिंगावर दमट हवेचा थर धरला असेल तर प्लेयर काही तास कोरड्या जागी ठेवणे पुरते.

सुरुवातीची गाणी ठीक आणि शेवटची अडखळत असतील, तर लेझर ज्या दांड्यावरून सरकतो त्याचे वंगण चिकट झालेले असण्याची शक्यता मोठी. जुने पूर्ण पुसून प्लास्टिकला चालणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. ट्रे घरघरतो पण बाहेर येत नाही, हे पट्टा घसरत असल्याचे लक्षण. अल्कोहोलने पुसल्यावर तो काही दिवस चालेल. खरा इलाज त्याच मापाचा नवा पट्टा.

कारखान्यात छापलेल्या सीडी वाजतात, घरी रेकॉर्ड केलेल्या मात्र वाजत नाहीत, अशी स्थिती आली की लेझर क्षीण होत असावा. रेकॉर्ड केलेल्या सीडीवरून प्रकाश कमी परततो. पिकअपवरचा, म्हणजे लेझर आणि भिंग बसवलेल्या भागावरचा, छोटा स्क्रू फिरवून लेझर प्रखर करण्याचा मोह टाळावा. वाढलेल्या प्रवाहाने तो लवकर जळतो. बाजारात ‘लेन्स’ म्हणून मिळणारा अख्खा पिकअपच बदलावा. स्थिर विजेपासून रक्षणासाठी काही नव्या पिकअपवर सोल्डरचा एक ठिपका असतो. रिबन केबल जोडल्यानंतर तो काढावा लागतो, नाहीतर नव्या लेझरनेही सीडी वाचली जात नाही.