साडेसात किलोमीटरची साडेसाती

घारापुरीला जाणारा कोल्हापूरकर लेण्यांसाठीच जातो. गेटवेहून लाँच, धक्क्यावरची छोटी रेल्वे, दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकाने असलेल्या पायऱ्या आणि वर सहाव्या शतकातली त्रिमूर्ती. लेणी पांडवांनी खोदली म्हणा, बाणासुराने म्हणा किंवा पोर्तुगीजांनी दगडी हत्ती पाहून बेटाला एलिफंटा म्हटले म्हणा, हे सारे गाइड पाठ म्हणून दाखवतोच. 1987 पासून लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. त्याच बेटावरची राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे मात्र कुठल्याच यादीत नव्हती. तिथे वीज आली 2018 च्या फेब्रुवारीत.

लांबचे बेट असते तर समजले असते. हे मुंबईपासून दहा किलोमीटरवर. टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली 1915 मध्ये. समोरच्या तुर्भ्याला 1956 साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, पुढे पलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर उभे राहिले. चहूबाजूंनी लखलखाट आणि मधोमध हे बेट कंदिलावर.

पायऱ्यांवरच्या एका दुकानात जनरेटरच्या काळातले एक काका भेटले आणि लेणी पाहायची राहून जातात की काय, असे झाले. पर्यटन महामंडळाचा डिझेल जनरेटर संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू व्हायचा आणि तीन-साडेतीन तासांत बंद. डिझेल यायचे होडीने. समुद्र खवळला की दिवे लागण्याची खात्री नाही. त्या तीन तासांत गाव काय काय उरकायचे, हे काका बोटे मोजत सांगत होते: मोबाइल चार्ज, पोरांचा अभ्यास, बायकांची मालिका. शेवटच्या भागाला ऐन रंगात अंधार झाला तर दुसऱ्या दिवशी पाण्यावर त्याचीच चर्चा. लग्नघराने डिझेलची तजवीज आधी करायची, मांडवाची नंतर. शेजारी लिंबू-सरबत विकणाऱ्या मावशींना यातले काहीच रम्य वाटत नव्हते. त्यांनी फ्रिजवर थाप मारली आणि म्हणाल्या, पूर्वी बर्फसुद्धा लाँचने आणत होतो.

महावितरणने उरणच्या बाजूने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली. खर्च सुमारे 25 कोटी, घरे दोनशेच्या आसपास. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार कधीच बसला नसता, म्हणून तर स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे लागली. पण दोनशे घरांच्या वाट्याला लाखो पर्यटकांची वर्दळ आणि कचरा येतो, तेव्हा तो हिशेब कोण मांडतो?

विजेविना जगणे काय असते, हे कळायला आपल्याला बेटावर जावे लागत नाही. राधानगरी धरणाच्या पायथ्याशी वीजघर असलेला हा जिल्हा 2019 च्या महापुरात पाहा: चिखली, आंबेवाडी आणि शिरोळच्या कितीतरी गावांची बेटे झाली होती. उपकेंद्रे पाण्यात, टाक्या रिकाम्या, मोबाइल मुके. वायरमन होडीतून खांब गाठत होते. चार दिवसांत आपला जीव मेटाकुटीला आला, तो अंधार घारापुरीने पिढ्यान्पिढ्या काढला. पंचगंगा ओसरली की खांब तरी हाती लागतो. घारापुरीची तार समुद्रतळाशी, वर जहाजांची ये-जा, आणि दुरुस्तीला होडी लागते.

लेण्यात शेवटी गेलोच. मुख्य लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे. उत्तरेकडून आत शिरलेला उजेड खांबांमधून झिरपत दक्षिणेच्या भिंतीवरच्या त्रिमूर्तीपर्यंत पोचतो. ज्यांनी ही आखणी केली त्यांना उजेड कुठून घ्यायचा हे पक्के ठाऊक होते. आमच्या काळात ते कळायला फायली फिराव्या लागल्या.

लेणी सोमवारी बंद असतात, आणि पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही. तेव्हा शेवटची लाँच गाठायची घाई असतेच. तरी तासभर राखून शेतबंदरात चक्कर मारा. नवा फ्रिज दाखवणाऱ्या माणसांना गाइडच्या भाषणात अजून जागा मिळालेली नाही.