माळावरील पत्रपेटी

वैशाखाची सुट्टी लागली की भवानी पेठेतील आमच्या घरात नातवंडे-भाचरे मिळून दहा-बारा डोकी जमतात, आणि त्यांस सोलापूरच्या उन्हात घरात कोंडून ठेवणे हे पस्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या आम्हांसही अवघड जाते. दोन वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून आम्ही एक विलायती खेळ घरात आणला.

त्यास ‘लेटरबॉक्सिंग’ म्हणतात. आमच्याकडे तो ‘पत्रपेटी’ या नावाने रूढ झाला आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचा विस्तीर्ण, दलदलीचा माळ आहे. 1854 साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने त्या माळावरील क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून येणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, इतकाच हेतू. पुढे बाटलीची पेटी झाली आणि तीत वही व रबरी शिक्का आला. कोडे सोडवून पेटी शोधावयाची, तिच्यातील शिक्का आपल्या वहीत व आपला शिक्का तिच्यातील वहीत उमटवावयाचा, आणि पेटी होती तशी ठेवून परतावयाचे. घरी नेण्यासारखे त्यात काही नसते, हीच त्यातील गोम! 2000 सालापासून उपग्रहांच्या साह्याने जागा दाखविणारी यंत्रे हाती घेऊन खेळावयाचे ‘जिओकॅशिंग’ हे त्याचे धाकटे भावंड निघाले आहे. पण दिशा ओळखून पावले मोजण्यातील मौज यंत्रामागे धावण्यात नाही, असे आमचे जुनाट मत आहे.

थोरल्या नातीने खोडरबर कोरून शिक्का केला, सूनबाईंनी घट्ट झाकणाचा डबा दिला. नान्नजच्या बाजूस आमच्या मेहुण्यांचे शेत असून त्यास लागून थोडा मुरमाड माळ आहे. तेथे माघ महिन्यात आम्ही स्वतः जाऊन डबा दगडांखाली लपविला व कोडे रचले: विहिरीपासून उगवतीस चाळीस पावले, मग दोन बाभळींमधून उजवीकडे, इत्यादी.

वैशाखात पहाटेस मुलांना घेऊन निघालो. बाभळींपलीकडे मुले गवतात पांगली आणि एकाएकी दोन टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करू लागल्या. आम्ही “थांबा!” म्हणेपर्यंत धाकट्या नातवाच्या बुटाखाली एक अंडे चिरडले होते. उरलेली तीन खड्यांत अशी मिसळून गेली होती की बोट दाखवूनही ती चटकन दिसेनात. पंचतंत्रातील टिटवीची अंडी समुद्राने नेली व गरुडाच्या साह्याने तिने ती परत मिळविली, ही गोष्ट आम्हीच त्यास आदल्या रात्री सांगितली होती. तो रडत म्हणाला, “आजोबा, हिला कोण परत देईल?” आम्ही निरुत्तर झालो. दोष मुलाचा नव्हता. माघातील मोकळा माळ वैशाखात टिटवीचे बाळंतघर होतो, हे कोडे रचताना आमच्या ध्यानीही आले नव्हते.

रान म्हटले की झाडेच डोळ्यांपुढे येतात, आणि माळास आपण खुशाल ‘पडीक’ म्हणतो. वस्तुतः काळवीट, लांडगा, चंडोल यांचे घर तोच आहे. 1979 साली नान्नजचे अभयारण्य झाले ते माळढोकासाठी. त्या पक्ष्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. आता तर तो येथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. वनखात्यात आयुष्य वेचलेले मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरचेच. 2006 साली येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे ‘रानवाटा’ आमच्या कपाटात कित्येक वर्षे आहे. पायाखाली पाहावे एवढे मात्र आम्हांस त्यातून सुचले नाही!

डार्टमूरवरही पेट्या फार झाल्या तेव्हा निर्बंध घालावे लागले: प्राचीन शिलावशेषांत पेटी ठेवू नये, चुना-सिमेंटाने ती पक्की करू नये. आम्हीही आमचे कोडे मोडून नवे रचले. आता त्यातील प्रत्येक पाऊल गाडीवाटेवरच पडते आणि पेटी बांधावरील कडुनिंबाच्या बुंध्याशी, सुट्या दगडाआड असते. खणावयाचे नाही, पेटीत खाऊ ठेवावयाचा नाही, कारण मुंग्या व कोल्हे तो मुलांच्या आधी शोधतात. सरकारी वनात तर परवानगीवाचून पेटी नेण्याचे नावच नको. चैत्रापासून पावसाळा सरेपर्यंत पेटी आमच्या फडताळात विसावते. त्यामुळे हा खेळ दिवाळीच्या सुट्टीवर गेला आणि वैशाखातील दुपारी पुन्हा पत्त्यांच्या भांडणांत जाऊ लागल्या, याबद्दल सूनबाईंची तक्रार आहे व ती रास्त आहे.

गेल्या दिवाळीत पेटी उघडली तेव्हा वहीत एक अनोळखी नोंद आढळली. शिक्क्याच्या जागी पेन्सिलीने काढलेली मेंढी, आणि तिच्या चार पायांखाली चार बारीक गोल. बहुधा माळावर मेंढरे राखणाऱ्या एखाद्या पोराची असावी. ते गोल म्हणजे खडे की अंडी, यावर घरात अद्याप दोन पक्ष आहेत. नातीने त्याच्यासाठी पेटीत एक कोरे खोडरबर ठेविले आहे.