प्रतिकाशीची पांढरी

क्योतोच्या वायव्येला ओमुरो नावाचा भाग आहे. तिथल्या निन्नाजी या जुन्या बौद्ध देवस्थानाच्या मागे एक टेकडी आहे आणि तिच्यावर ८८ छोटी देवळं आहेत. शिकोकू बेटावरची ८८ देवळांची मूळ परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरची. पायी करायची तर महिना-दीड महिना मोडतो, आणि शंभर-दोनशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती झेपणं अशक्यच होतं. निन्नाजीचे मठाधिपती राजघराण्यातले असत. १८२७ साली तिथल्या एकोणतिसाव्या मठाधिपतींनी शिकोकूच्या प्रत्येक देवळाच्या आवारातली माती आणवली, टेकडीवर ओळीने पुरली आणि तिच्यावर एकेक देऊळ बांधवलं. तीन किलोमीटरची वाट, दोन तासांचं चालणं, की परिक्रमा झाली! आज पर्यटक नकाशा घेऊन त्या वाटेने जातात आणि वाटाडे ही मातीची गोष्ट सांगतात.

या टेकडीबद्दल वाचलं तेव्हापासून मला नकलेच्या तीर्थांचं वेड लागलं. आपल्याला त्यात नवल वाटायचं खरं तर काही कारण नाही. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. एकनाथांनी ती कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. काशी करून आल्यावर मावंदं घातल्याशिवाय यात्रा पदरात पडत नाही. आणि ज्यांना काशीला जाणं जमत नाही त्यांच्यासाठी दक्षिण काश्या आहेतच. वाईकरांची दक्षिण काशी वाई, पैठणकरांची पैठण, कोल्हापूरकरांची करवीर. नाशिककर तर दुसऱ्या कुणाचा दावा ऐकूनच घेत नाहीत. खुद्द काशीतही काशीची नक्कल आहे. पंचक्रोशीची वाट सुमारे ऐंशी किलोमीटरची आणि वाटेवर १०८ स्थानं. ती चालवत नसेल तर चौकाजवळच्या पंचक्रोशी मंदिराला प्रदक्षिणा घाला. त्याच्या भिंतींत ती सगळी स्थानं छोट्या रूपात बसवलेली आहेत.

दक्षिण काशीच्या या भांडणात खानदेशाला कुणी विचारत नाही. खानदेशी माणूस मात्र प्रकाशाला ‘प्रतिकाशी’ म्हणतो, आणि त्याचा दावा बाकीच्यांपेक्षा एक पायरी वरचा आहे. त्याच्या मते काशी करून आल्यावर प्रकाशाला उत्तरपूजा केल्याखेरीज काशीचं पुण्य लागू होत नाही. म्हणजे काशीला जाऊन आलेल्यालाही प्रकाशा चुकत नाही. दाव्यातली ही हुशारी मला फार आवडते.

प्रकाशा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. सातपुड्यातून उतरलेली गोमाई इथे तापीला मिळते. पुलिंदा ही तिसरी नदीही परंपरा संगमात धरते, म्हणून त्रिवेणी. काशीचं नाव आणि प्रयागाचा संगम, दोन्ही एकाच गावाने घेतलंय. गावात १०८ शिवालयं असल्याचं सांगतात. मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही. या आकड्याचा हिशेब कुठल्याच क्षेत्रात जुळत नसतो.

फेरी सहसा केदारेश्वरापासून सुरू होते. दगडी दीपमाळ, तापीत उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर दहाव्याची गर्दी. काशीपणाचा सगळ्यात रोकडा पुरावा हाच. खानदेशातून, सुरतेकडून, सेंधव्याकडून लोक अस्थी घेऊन इथे येतात. एका पायरीवर न्हाव्याचा वस्तरा चाललेला, दुसरीवर पत्रावळीत पिंड मांडलेले, बाजूला स्टीलच्या डब्यात दही-भात. गुरुजी मंत्र संस्कृतात म्हणतात, सूचना मराठीत देतात आणि यजमान सुरतेकडचा निघाला तर दक्षिणेचं बोलणं गुजरातीत होतं. बायका काठावर बसून अहिराणीत आपल्या माणसाची आठवण काढत असतात. तापी ही सूर्याची मुलगी, शनीची बहीण, तेव्हा मेल्या माणसाला तिच्या हवाली करणं लोकांना पटतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटून पात्र उघडं पडायचं. आता प्रकाशा बॅरेजमुळे पाणी तुंबून राहतं. घाटाला शोभा आली, पण टाकलेलं वाहून जाण्याची सोय कमी झाली. यावर धर्मशास्त्राचं काय म्हणणं आहे ते कुणी विचारत नाही, हे बरंच आहे.

संगमेश्वर संगमावर आहे. तिथे थांबण्यासारखं ते पाणीच. पुष्पदंतेश्वरापाशी मात्र रेंगाळावं.

पुष्पदंताचं देऊळ फक्त काशीत आणि प्रकाशात, असं इथे अभिमानाने सांगतात. पुष्पदंत हा गंधर्व. अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. राजाने वाटेवर शिवाचं निर्माल्य पसरून ठेवलं. त्यावर पाय पडल्याबरोबर त्याची अदृश्य होण्याची शक्ती गेली, आणि ती परत मिळवायला त्याने शिवाची स्तुती रचली. तेच शिवमहिम्न. श्रावणी सोमवारी घरोघर म्हटलं जातं, त्याची ओळख करून द्यायला नको. आज आपण म्हणतो त्या पाठात ४३ श्लोक असतात. पण सातपुड्यापलीकडे, नर्मदेवरच्या ओंकारेश्वराला अमरेश्वराच्या देवळात हे स्तोत्र दगडात कोरलेलं आहे. लेख १०६३ सालचा, म्हणजे परमारांच्या काळातला. त्यात श्लोक आहेत ३१. गंमत अशी की त्या ३१ श्लोकांत पुष्पदंताचं नावच नाही. ते येतं त्यापुढच्या, म्हणजे फलश्रुतीच्या आणि कवीची ओळख सांगणाऱ्या श्लोकांत. हे श्लोक मागाहून जोडले गेले, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात, आणि स्तोत्राचा कर्ता नक्की कोण यावरही वाद आहे. म्हणजे पुष्पदंतेश्वरापाशी आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो कवी स्तोत्रात उशिरा आला असावा. माझी याला काही हरकत नाही. स्तोत्र आधी जन्मलं आणि त्याला साजेसा कवी लोकांनी नंतर शोधला, असं झालं असेल तर लोकांची निवड उत्तम आहे. फुलं चोरणारा कवी कुणाला नको असेल?

चौथा थांबा गौतमेश्वर. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की इथे सिंहस्थाचा मेळा भरतो. १८८०च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही, कॅम्पबेलसाहेबांच्या संपादनाखाली, गौतमेश्वराच्या या मेळ्याची नोंद आहे. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाचं नातं गौतमऋषींशी आणि गोदावरीशी. तापीकाठी गौतमाच्याच नावाच्या महादेवाला सिंहस्थ भरावा, यात मला गोदावरीची छाया दिसते. एकाच गावाने काशी, प्रयाग आणि त्र्यंबक अशा तीन तीर्थांची सोय करून ठेवली आहे. निन्नाजीच्या मठाधिपतींना माती वाहून आणावी लागली, इथे नावांवर भागलं.

इथपर्यंत कुठलाही गुरुजी तुम्हाला नेईल. पण प्रकाशाचं खरं धन देवळांत नाही. ते पांढरीत आहे.

गावालगत नदीकाठी एक जुनं टेकाड आहे. शेतकऱ्याला पांढरी ओळखायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. राखट, मऊ, खापरांनी भरलेली माती दिसली की इथे कधीकाळी गाव होतं हे तो सांगतो. १९५५ साली प्रकाशाचा भाग मुंबई राज्यातल्या पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. त्याच १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी या टेकाडावर खणायला घेतलं.

बाळकृष्ण थापर तेव्हा पस्तिशीच्या आतले होते. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली तक्षशिलेला तयार झालेल्या पिढीतले. पुढे कालीबंगनच्या उत्खननात बी. बी. लाल यांच्याबरोबर त्यांचं नाव गाजलं, १९७८ ते १९८१ ते सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या उभारणीतही त्यांचा वाटा मोठा. या सगळ्या थोरवीत प्रकाशा कुठल्या कुठे लोपलं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक कालीबंगनला सापडलेल्या प्राचीन नांगरटीचं सांगतात, तापीचं नाव निघत नाही. मला हा अन्याय वाटतो.

व्हीलरची शिस्त म्हणजे उभा छेद. वस्तू सापडल्या म्हणून हरखून जायचं नाही. खड्ड्याची भिंत तासून सरळ करायची, मातीचा रंग बदलेल तिथे रेघ मारायची, प्रत्येक थराला नंबर द्यायचा आणि खापर कुठल्या थरातून आलं ते लिहिल्याशिवाय पिशवी बांधायची नाही. प्रकाशाला वस्तीचे थर सुमारे १७ मीटर भरले. पाचमजली इमारतीएवढी माणसांची राख, चुली, शेणाच्या जमिनी आणि फुटकी मडकी! थापरांनी त्यांचे चार काळ पाडले. तळाचा ताम्रपाषाणयुगीन, त्यांच्या हिशेबाने इसवी सनापूर्वी १७००च्या आसपास सुरू होणारा. त्यावर लोखंडाचा काळ. मग इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांचा, आणि सगळ्यात वरचा साधारण इसवी सन ६०० ते ११००.

अहवाल छापून यायला बारा वर्षं लागली. ‘एन्शंट इंडिया’चा २० आणि २१ असा जोडअंक, वर्षं १९६४ आणि १९६५, प्रत्यक्ष छपाई १९६७. त्यात पान ५ ते १६७ एकटं प्रकाशा. सरकारी दप्तराची दिरंगाई बाजूला ठेवा. एका खानदेशी गावावर दीडशेहून अधिक पानं, आणि तीही मडक्यांच्या काठांची चित्रं एकेक करून काढलेली. असला अहवाल कंटाळवाणा असतो, यात शंका नाही. मी तो कंटाळत वाचला, आणि मग एकदम जागा झालो.

तळाच्या थरात माळव्याची खापरं आहेत, लालसर अंगावर काळी नक्षी. हीच भांडी नर्मदेवर महेश्वरासमोरच्या नावडातोलीला मिळतात. त्याच्या वरच्या थरात जोर्वे पद्धतीची भांडी येतात. जोर्वे म्हणजे संगमनेरजवळचं, प्रवरेच्या काठचं गाव. आणि त्यांच्याबरोबर सौराष्ट्रातली चकचकीत लाल भांडी, रंगपूरला सापडतात तशी. माळवा, दख्खन आणि गुजरात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या एका टेकाडावर एकत्र नांदत होते. तीन नद्यांचा संगम खरा की दोन, यावर वाद घाला. तीन मुलखांचा संगम थापरांनी खणून दाखवला आहे. आजही अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता प्रकाशावरून जातो आणि घाटावर त्याच तीन मुलखांची माणसं बसलेली असतात.

पण मी जागा झालो ते दुसऱ्या काळापाशी. लोखंडाच्या त्या थरांत काळ्या, आरशासारख्या तुकतुकीत भांड्यांची खापरं मिळाली. पुरातत्त्वात त्यांना उत्तरेकडची काळी झिलईची भांडी म्हणतात. त्यांचं माहेर गंगेचं खोरं. बुद्धाच्या आणि मौर्यांच्या काळातली ही श्रीमंतांची भांडी, आणि काशीच्या राजघाटावर खणलं तेव्हाही ती निघाली. तापीकाठी ती कुणी आणली? व्यापाऱ्याने, भिक्षूने की एखाद्या सरकारी माणसाने, ते खापर बोलत नाही. एवढं मात्र पक्कं की पुष्पदंताची गोष्ट जुळण्याच्या कितीतरी आधी, कुणीतरी गंगेकाठची वस्तू सांभाळून प्रकाशापर्यंत आणली होती. काशीशी नातं सांगायला याहून चांगला पुरावा नाही, आणि तो आपल्या फेरीत कुठेच नाही.

उगाच फुशारकी मारायची नाही म्हणून हेही सांगतो. राजघाटाचा तळाचा थर साधारण इसवी सनापूर्वी ८००च्या आसपासचा धरला जायचा, म्हणजे प्रकाशाहून बराच अलीकडचा. त्यावरून ‘प्रतिकाशी काशीहून जुनी’ असा मथळा सहज देता येईल. पण बनारसजवळच्या अकथा इथल्या उत्खननाने तिकडची वस्तीही बरीच मागे नेली आहे. वयाची स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. शिवाय जुनी वस्ती म्हणजे जुनं तीर्थ नव्हे. मडकी वापरणाऱ्या त्या पहिल्या लोकांना महादेव ठाऊक होता की नाही, हे थर सांगत नाहीत. प्रकाशाचं मोठेपण वेगळंच आहे. इथे नक्कल दुसऱ्याची आणि जमीन स्वतःची आहे. ओमुरोच्या टेकडीचं मोल बाहेरून आणलेल्या मातीत आहे, प्रकाशाचं तिथल्याच मातीत.

नाशिक-त्र्यंबकचा पुढचा सिंहस्थ २०२६ ते २०२८ असा आहे आणि त्याच काळात गौतमेश्वरालाही माणसं लोटतील. घाट, रस्ते, मंडप यांवर खर्च होईलच. त्यातच थोडा जास्तीचा करावा. थापरांच्या अहवालातला उभ्या छेदाचा नकाशा मराठी नावांसह मोठा छापून गौतमेश्वरापाशी लावावा, आणि शहादा-नंदुरबारच्या कॉलेजांतल्या दहा-वीस मुलामुलींना ही फेरी घडवायला शिकवावं. फेरीची सुरुवात केदारेश्वरापासून न करता टेकाडापासून करावी, मग देवळं घ्यावीत. वाचकांपैकी कुणी त्याआधी जाणार असतील तर पावसाने कापलेल्या कडेला खापरं दिसतील. ती बघा, पण उचलू नका. जागेवरून हललेल्या खापराचा काळ कुणालाच सांगता येत नाही.