गल्लीतला फळा

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू मी ज्या दिवशी ठेवलं होतं, नेमक्या त्याच दिवशी सकाळी साडेआठला आमच्या गल्लीत जेसीबी शिरला. मी दारात रांगोळी घालत होते. "ताई, बाजूला व्हा," एवढंच चालक म्हणाला. दुपारपर्यंत आमच्या पायरीपासून दोन हातांवर पुरुषभर खोल चर तयार! संध्याकाळी बायका काठापदराच्या साड्या सावरत, एकमेकींचा हात धरून फळीवरून आल्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, पण गोड बोलायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं.

विषय एकच, भुयारी गटार. कोणी म्हणे सहा महिने रस्ता बंद. कोणी म्हणे सगळ्यांचे ओटे आणि पायऱ्या फोडणार. "घरटी वीस हजार भरायचेत म्हणे," ही बातमी तर अत्तर लावून होईपर्यंत चाळीस घरांत पोचली. पलीकडच्या आळीतल्या एकीने ठामपणे सांगितलं, की आपलीच गल्ली आधी खणली कारण वरच्या गल्लीत पुढाऱ्यांची घरं आहेत. मी समाजकार्य करते म्हणून सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला तरी काय ठाऊक? मी आपली कालनिर्णयचं जुनं पान फाडलं आणि मागच्या बाजूला सगळ्यांचे प्रश्न लिहून घेतले. सतरा निघाले.

विचारायचं तरी कोणाला? तेव्हा राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे आमच्याकडेही मुदत संपून प्रशासक बसले होते. निवडणुका झाल्या त्या थेट २०२५ च्या डिसेंबरात. हक्काने दार वाजवावं असा नगरसेवकच नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघी शेजारणींना घेऊन मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात गेले. अभियंता तरुण होता, वैतागलेला होता, पण वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, नोटीस लावलीय की!" लावली होती खरी. कार्यालयाच्या जिन्याखाली, जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीशेजारी. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मलवाहिनी टाकण्याचे काम प्रस्तावित असून…' आता सांगा मैत्रिणींनो, कुकरची तिसरी शिट्टी सोडून ती वाचायला कोण जाणार?

मात्र समोर बसून विचारल्यावर त्याने सतरापैकी तेरा प्रश्नांची उत्तरं दिली. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटलं. आमची गल्ली आधी का? तर ती ओढ्याच्या बाजूला, सगळ्यात खाली आहे म्हणून. सांडपाणी आपोआप वाहायचं तर नळाला सतत उतार हवा. तो नीट साधायचा म्हणून काम खालच्या टोकापासून सुरू करून वर वर न्यायचं. पुढाऱ्यांच्या घरांचा काही संबंध नव्हता. हे साधं कारण आधी कळलं असतं, तर दोन आळ्यांतली भांडणं तरी टळली असती.

उत्तरं मिळाली, पण चाळीस घरांत रोज फिरणार कोण? गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, नाही असं नाही. पण त्यात मुलगे आणि पुरुष जास्त, शिवाय सकाळच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत कामाचा निरोप दुपारपर्यंत वाहून जायचा. आणि ज्यांना खरी गरज, त्या दिवसभर घरात असणाऱ्या सासवा-सुना, त्यांच्या हातात फोन असतोच असं नाही. बायका रोज जातात कुठे? पिठाच्या गिरणीवर. मी बालवाडीतला जुना फळा आणला आणि गिरणीवाल्या काकांना विचारून बाहेरच्या भिंतीला टांगला.

रोज संध्याकाळी सहाला मी मुकादमाला फोन करायची आणि फळ्यावर लिहायची. उद्या कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत खोदकाम, नळ येणार की नाही, गाड्या मारुतीच्या देवळापाशी लावा, सिलिंडरवाला कोपऱ्यावर थांबेल. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. त्यात जेसीबीच्या दात्याने पाण्याची लाइन फुटली की चार दिवस कोरडे. 'उद्या नळाजवळ खोदणार, आज हंडे भरून ठेवा' एवढ्या एका ओळीने किती बायकांचा जीव भांड्यात पडला! आमचे हे चेष्टेने म्हणायचे, "आता फळ्यावर आज भाजी काय तेही लिही."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही अवघड होतं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मुकादमाचा फोन लागला नाही. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, की दोन दिवस फक्त मोजमाप आहे. मी त्यावर विसंबून लिहून टाकलं, 'उद्या खोदकाम नाही. रस्ता मोकळा.' रात्रीतून त्यांचा बेत बदलला. दुसरीकडचं मशीन रिकामं झालं, ते पहाटेच आमच्याकडे आलं. गल्लीच्या शेवटच्या घरात पहिलटकरीण लेक माहेरी आलेली होती. दिवस भरलेले. रस्ता मोकळा आहे असं वाचून तिच्या आईने तिला बहिणीकडे, हमरस्त्यावर नेलं नव्हतं. अकराच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. रिक्षा कोपऱ्यापर्यंतच आली. चौघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मातीच्या ढिगाऱ्यावरून नेलं. चर खोदणारे मजूरच पुढे झाले होते. मी मागून तिची पिशवी घेऊन चालत होते आणि माझे पाय कापत होते.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण बारशाला तिच्या आईने मला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "वहिनी, तुमच्या फळ्यावर होतं म्हणून आम्ही थांबलो." आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं, असं मला झालं. घरी येऊन मी फळा काढायचाच ठरवलं होतं. गिरणीवाले काका काढू देईनात. बायका पीठ घ्यायच्या आधी भिंतीकडे बघतात, म्हणाले.

फळा राहिला, पण लिहायची पद्धत बदलली. प्रत्येक ओळीपुढे कोणी सांगितलं आणि किती वाजता, ते लिहायला लागले. वर तारीख ठळक, कारण फळ्याचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकायचं आणि आठवड्याने तोच पुन्हा फिरायचा. जे पक्कं कळलं नसेल तिथे 'अजून कळलेलं नाही, उद्या सकाळी विचारते' असं सरळ लिहायचं. आधी मला यात कमीपणा वाटायचा. पण 'कळलेलं नाही' वाचून लोक आपली सोय करून ठेवतात, हे नंतर ध्यानात आलं. दुसरं म्हणजे, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोण गरोदर, कोणाला डायलिसिसला न्यावं लागतं याची यादी केली. ती फळ्यावर नाही हं, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? ती मुकादमाच्या हातात दिली. त्या दारांपुढे जाड फळ्या रात्री टाकूनच माणसं घरी जायची. ज्यांना वाचता येत नाही अशा तिघी आजींना शाळेतून येणारी मुलं वाचून दाखवायची. एक पोरगा तर मनाचंही घालायचा, त्याला दोनदा दटावावं लागलं.

मार्चमध्ये नळ टाकून झाले, चर बुजले, आणि मग काहीच होईना. धूळ, खड्डे, घसरणाऱ्या स्कूट्या. रस्ता लगेच का करत नाहीत याचंही कारण होतं. आमच्याकडची काळी माती भराव टाकल्यावर बसत जाते, त्यावर घाईने सिमेंट ओतलं तर रस्ता खचतो. पण किती दिवस, आणि खर्च कोणाचा? याला मात्र प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर. शेवटी माहितीचा अधिकार वापरला. २००५ च्या त्या कायद्याने साध्या कागदावर अर्ज करता येतो, त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं. मी अंदाजपत्रकाची प्रत मागितली. सव्विसाव्या दिवशी मिळाली. रस्ता पूर्ववत करून देणं ठेकेदाराच्याच कामात धरलेलं होतं. घरटी वीस हजारांचा कुठे उल्लेखही नव्हता. त्या दिवशी फळ्यावर मी रंगीत खडूने लिहिलं.

तरी अर्धाच रस्ता पावसाआधी झाला. उरलेला दिवाळीनंतर. मधले चार महिने चिखलात काढले, ते काही कोणत्याही फळ्याने टळलं नाही.

घरांची जोडणी सुरू झाली तेव्हा जुन्या सेप्टिक टाक्या रिकाम्या करायची वेळ आली. एका घरी स्वस्तात पडतं म्हणून दोन माणसांना टाकीत उतरवायचं चाललं होतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या विषारी वायूत माणसं दोन मिनिटांत गेलेली आहेत. हे मी फळ्यावर लिहिलं, खाली उपसा करणाऱ्या गाडीसाठी कुठे सांगायचं तेही. त्या घरची बाई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. आता बोलते.

परवा वरच्या गल्लीतल्या तिघी आल्या होत्या. त्यांच्याकडे आता काम सुरू होतंय. फळा मागायला आल्या होत्या. दिला. एक कोपरा फुटलाय, तेवढा खाली ठेवून टांगा, म्हटलं. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "मुकादमाने फोन उचलला नाही तर काय लिहायचं?" मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला, आणि खुर्चीतून नेलेल्या त्या लेकीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.