मुंबईचा जॅझ आणि गोव्याचे वादक

अमेरिकेतला जॅझ मराठी कानांवर पडला तो मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांतून, आणि त्या गीतांत तो आणला गोव्याहून पोटासाठी मुंबईत आलेल्या वादकांनी. या वादकांची नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत.

या संगीताचं मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वंशजांची शेतात राबताना म्हटलेली गाणी आणि चर्चमधली भजनं यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज आकाराला आला. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. त्यात गंधार आणि निषाद किंचित उतरवून लावायचे. एवढ्याशा चौकटीत अपार दुःख मावलं. न्यू ऑर्लिन्स शहरात या गाण्याला बँडची वाद्यं आणि आडवा जोर देणारी लय मिळाली आणि जॅझ घडला. 1917 मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. जॅझचा प्राण म्हणजे उपज. ठरलेली चाल वाजवून झाली की वादकाने ती त्या क्षणी सुचेल तशी फुलवायची. मिरजेच्या मैफलींत ख्याल ऐकलेल्या रसिकाला ही रीत मुळीच परकी वाटणार नाही.

1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि 1945 मध्ये तिथेच वारले. ऐकायला बसत ते इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि धनिक; पण वाद्यवृंदांत हळूहळू गोव्याचे वादक दिसू लागले. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात रोजगार नव्हता, मुंबईत होता. धोबीतलावच्या आसपास गावोगावचे ‘कूड’ होते, तिथे आलेल्याला स्वस्तात पाठ टेकता येई. कागदावरचे सूर ही मुलं सहज वाजवत. कागद बाजूला ठेवून वाजवायला ती या अमेरिकी वादकांकडून शिकली. मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने 1939 पासून सुमारे दोन दशकं ताजमध्ये वाजवलं.

या सगळ्यांत तेजस्वी नाव हळदोण्याच्या आंतोनियो शाव्हियेर वाझ यांचं. मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखे. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचं दैवत, आणि ट्रम्पेटही त्याच धाटणीचा. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी त्यांना साहाय्यक म्हणून घेतलं आणि 1951 च्या ‘अलबेला’ची गाणी झाली. त्या चित्रपटात चिक आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या लग्नांच्या वरातीत बँडवाले ‘शोला जो भडके’ वाजवतात तेव्हा त्यात ताजच्या नाचघराचा अंश असतो.

मुंबई राज्यात दारूबंदी आली तशी हॉटेलांतली कामं घटली आणि वादकांना स्टुडिओ हाच मोठा आधार उरला. संगीतकार पेटीवर चाल सांगत. तिला सुरावटींची जोड देणं आणि पन्नासेक वादकांसाठी प्रत्येकाचं स्वरलेखन लिहून काढणं हे काम अरेंजरचं. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. श्रेय बहुतेक वेळा संगीतकाराच्या एकट्या नावावर जमा झालं, आणि हा अन्याय साधा नव्हता. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव थेट गाण्यात गुंफलं, म्हणून निदान ते घरोघरी पोचलं.

मधल्या काळात अमेरिकेत ब्लूजला वेग आला, विजेची गिटार आली आणि 1950 च्या दशकात रॉक अँड रोल उभा राहिला. सी. रामचंद्र यांनी तोही लगेच टिपला. 1957 च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ त्याच धर्तीचं आहे. अमेरिकी सरकारही याच सुमारास जॅझ कलावंतांना दौऱ्यावर पाठवू लागलं. डेव्ह ब्रुबेक 1958 मध्ये, ड्यूक एलिंग्टन 1963 मध्ये भारतात आले, आणि 1964 मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले.

ख्रिस पेरी यांनी हा जॅझ कोंकणीत नेला. लोर्ना यांच्या आवाजातली त्यांची गाणी गोव्यात अजून तितक्याच प्रेमाने गायली जातात. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांच्या आधाराने जॅझ वाजवण्याचे प्रयोग केले. रॉकचा पुढचा पल्ला मुंबईच्या कॉलेजांतल्या मुलांनी गाठला. 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला, 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला, आणि परदेशी गाण्यांच्या नकला करण्यापेक्षा स्वतःची गाणी रचण्याकडे ‘रॉक मशीन’सारखे बँड वळले.